‘बांबू’चा टी-शर्ट मऊ असेल, तर तो बहुधा विस्कोसचा

बांबूला सध्या बरे दिवस आले आहेत. २०१७ च्या अखेरीस केंद्राने भारतीय वन कायद्यात बदल केला आणि वनक्षेत्राबाहेर वाढणारा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला. त्यामुळे शेतातला बांबू तोडणं आणि विकणं शेतकऱ्याला सोपं झालं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय बांबू मिशन नव्याने उभं राहिलं, राज्याने अटल बांबू समृद्धी योजना आणली आणि २०२५ मध्ये बांबू उद्योग धोरणही मंजूर केलं. या विषयावरच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, बांबूपासून काय काय होतं याची यादी वाचली जाते आणि त्या यादीत कापड हमखास असतं. दुकानांतही बांबूचे मोजे, टॉवेल, बाळाची झबली दिसू लागली आहेत. अलीकडे त्यात एका शब्दाची भर पडली आहे: ‘एन्झाइम प्रक्रियेचा धागा’. म्हणजे रसायनं नाहीत, सगळं कसं नैसर्गिक.

या सगळ्यात ग्राहकाची दिशाभूल होतेच, पण त्याहून जास्त नुकसान बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याचं होऊ शकतं, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं. ‘बांबूचं कापड’ या एकाच नावाखाली दोन पूर्णपणे वेगळी कापडं येतात. एन्झाइमचा संबंध त्यातल्या दुसऱ्या कापडाशी आहे आणि ते दुसरं कापड बाजारात फारच कमी मिळतं.

दुकानातलं बांबू कापड बनतं कसं?

पहिल्या प्रकारात बांबूचे तुकडे करून, ते रसायनांत शिजवून लगदा करतात. कागदासाठी करतात तसाच, फक्त अधिक शुद्ध. हा लगदा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. सेल्युलोज हा वनस्पतींच्या तंतूंचा मूळ पदार्थ. कापूस म्हणजेही बहुतांशी सेल्युलोजच. मग हा लगदा तीव्र कॉस्टिक सोड्यात भिजवतात आणि त्यावर कार्बन डायसल्फाइड सोडतात. त्यातून मधासारखा दाट, पिवळसर-केशरी द्रव तयार होतो. बारीक भोकांच्या चकतीतून तो सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात सोडला की त्याचे धागे जमतात. हे विस्कोस, म्हणजेच रेयॉन. १८९२ मध्ये ब्रिटनमध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं आणि तेव्हापासून मूळ कृती फारशी बदललेली नाही.

लगदा निलगिरीचा असो, पाइनचा असो की बांबूचा, शेवटी धागा सारखाच होतो. बांबूच्या कांड्यातला एकही मूळ तंतू त्यात शिल्लक नसतो. तो विरघळवून नव्याने घडवलेला असतो. ‘बांबूचं’ म्हणून मिळणारे मऊ, झुळझुळीत कपडे जवळजवळ सगळे या जातीचे.

अमेरिकेत यावर कायदेशीर कारवाई झाली आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून अशा विक्रेत्यांना धारेवर धरलं. रेयॉनला नुसतं ‘बांबू’ म्हणायचं नाही, ‘बांबूपासून बनवलेलं रेयॉन’ असं लिहायचं, हा तिथला नियम. २०२२ मध्ये याच मुद्द्यावर वॉलमार्टला ३० लाख आणि कोल्सला २५ लाख डॉलरचा दंड ठरला.

आणि कार्बन डायसल्फाइड? त्याची वाफ कामगारांच्या मज्जासंस्थेवर घाला घालते. दक्षिण कोरियातल्या वॉनजिन रेयॉन कारखान्यातले शेकडो कामगार त्याने कायमचे आजारी पडले आणि १९९३ मध्ये तो कारखाना बंद झाला. आजचे चांगले कारखाने ही वाफ पकडून पुन्हा वापरतात. सगळेच तेवढी काळजी घेतात असं नाही. ‘निसर्गातून थेट’ असं छापलेलं लेबल यातलं काहीच सांगत नाही.

बांबूच्या आत नेमकं काय असतं?

दुसऱ्या प्रकारच्या कापडात बांबूचा तंतू न विरघळवता, जसाच्या तसा सोडवून काढायचा असतो. हे अवघड का, ते कळण्यासाठी ताज्या बांबूचं कांडं धारदार करवतीने आडवं कापा आणि कापलेली कड जवळून बघा. पांढरट-पिवळ्या गाभ्यात काळपट ठिपके दिसतील. बाहेरच्या सालीजवळ ते बारीक आणि दाटीवाटीने असतात, आत पोकळीकडे जावं तसे मोठे आणि विरळ होत जातात. प्रत्येक ठिपका म्हणजे उभ्या तंतूंच्या जुडीचं टोक. या जुड्या कांड्यात अगदी सरळ जातात, म्हणूनच बुरुडाच्या सुरीखाली बांबू एका रेषेत फाटतो. पेराशी मात्र त्या वळतात, एकमेकींत शिरतात. सुरीही तिथेच अडते.

आता एक जुडी घेऊन भिंगाखाली आणखी फोडली, तर तिच्यात अनेक सुटे तंतू सापडतात. असा एक तंतू साधारण २ ते ३ मिलिमीटर लांब असतो. कापसाचा तंतू २२ ते ३२ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या दसपट. सूतगिरणीत २-३ मिलिमीटरच्या तंतूंचं सूत निघत नाही. पीळ बसायला तंतू तंतूवर बराच चढावा लागतो आणि एवढ्याशा लांबीत ते होत नाही. अशा तंतूचा कागद उत्तम होतो. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने बांबू वापरला त्यामागे हेच गणित.

म्हणजे कापडासाठी सुटा तंतू कामाचा नाही, जुडीच हवी. बारीक, लवचिक, पण तुटून सुटी न झालेली. आणि जुडी धरून ठेवणारा जो ‘डिंक’ आहे, तोच तिला काठीसारखी ताठ करतो. त्या डिंकात मुख्यतः दोन पदार्थ: लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन आणि तंतूंना चिकटून राहणारी हेमिसेल्युलोज नावाची शर्करेची साखळी. बांबूत या साखळीचा मोठा भाग झायलनचा असतो. थोडंसं पेक्टिनही असतं, पेरूच्या जेलीला घट्ट करतं तेच. बांबूच्या वजनात सेल्युलोज ४० ते ५० टक्के, लिग्निन २० ते ३० टक्के आणि हेमिसेल्युलोजही जवळपास तेवढंच. निम्मा डिंक आणि निम्मं सेल्युलोज असा हा मामला.

सगळा डिंक काढला तर हातात कागदाचा लगदा येतो. काहीच काढला नाही तर झाडूची काडी. कापडाचा तंतू या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

एन्झाइम म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. एन्झाइम हे एक प्रथिन असतं आणि ते ठरावीक पदार्थाची ठरावीक साखळी कापतं, दुसऱ्या कशाला हात लावत नाही. कोरडा भात किंवा भाकरी बराच वेळ चावली की गोड लागायला लागते; लाळेतलं अमायलेज पिठूळ पदार्थाची साखर करतं म्हणून. कपड्यांच्या पावडरीत असतात ती एन्झाइमं रक्ताचे, तेलाचे, वरणाचे डाग फोडतात.

कापडधंद्याला ही गोष्ट नवी नाही. इचलकरंजीत विणण्याआधी सुताला सायझिंगमध्ये खळ देतात, कारण खळीशिवाय सूत मागावर टिकत नाही. रंगाआधी ती खळ काढावी लागते. पूर्वी त्यासाठी कापड आम्लात घालत किंवा भिजवून नुसतं आंबू देत. गेली शंभरेक वर्षं जगभर हे काम अमायलेज करतं: खळ जाते, सुताला धक्का लागत नाही.

त्याहूनही जुना दाखला आपल्या शेतात आहे. ताग किंवा अंबाडीच्या पेंढ्या नाल्यात दगडाखाली दाबून कुजत घालायच्या, काही दिवसांनी काढून झोडपायच्या, की वाख सुटा होतो. त्याचे दोर वळायचे. त्या पाण्यातले जिवाणू पेक्टिन खाण्यासाठी जी एन्झाइमं सोडतात, तीच साल आणि तंतू वेगळे करतात. कारखान्यात फरक एवढाच की जिवाणू वा बुरशी वेगळ्या टाकीत वाढवून त्यांचं एन्झाइम गाळून घेतलं जातं आणि हवं तेवढंच वापरलं जातं.

मग बांबूही नाल्यात कुजत का घालत नाहीत?

घातला तर महिनोन्‌महिने तसाच राहील. ताग-अंबाडीचा तंतू सालीत असतो, तिथे पेक्टिन भरपूर आणि लिग्निन कमी. बांबूचा तंतू टणक लाकडात रुतलेला असतो. एन्झाइमचा रेणू आकाराने मोठा, आणि अखंड बांबूच्या भिंतीतली छिद्रं त्याला आत शिरू देण्याइतकी रुंद नसतात. त्यामुळे आधी वाट करून द्यावी लागते. पेरं कापून टाकायची, कांड्याच्या पट्ट्या काढायच्या, त्या रुळांखाली चेचायच्या, उकळायच्या किंवा दाबाखाली वाफ देऊन दाब एकदम सोडायचा. त्या झटक्याने पट्टी आतून उकलते.

त्यानंतर एन्झाइमची आंघोळ. साधारण ५० अंशांच्या आसपासचं कोमट पाणी, आम्लता नेमून दिलेली, आणि काही तास ते दिवस. झायलनेज झायलनची साखळी जागोजागी तोडतं, पेक्टिनेज पेक्टिन तोडतं. साखळ्या तुटल्या की त्यांना धरून बसलेलं लिग्निनही सैल होतं आणि पाणी चहासारखं तपकिरी दिसू लागतं.

लिग्निन थेट फोडणारी एन्झाइमंही आहेत, लॅकेज त्यातलं एक. पावसाळ्यात जंगलात पडलेल्या ओंडक्याचं लाकूड कधी पांढरं, ओलं आणि दोऱ्यादोऱ्यांसारखं झालेलं दिसतं. तिथे एका जातीच्या बुरशीने लिग्निन खाऊन सेल्युलोज मागे ठेवलेलं असतं. बांबूच्या बाबतीत आपल्याला हवं आहे ते नेमकं हेच! पण बुरशीला घाई नसते आणि लॅकेजचं काम कारखान्याच्या वेळापत्रकाला परवडेल इतकं वेगाने होत नाही. खरी मर्यादा इथे आहे.

उलट एक एन्झाइम इथे अजिबात चालत नाही: सेल्युलेज. ते तंतूच खातं. हळदीला, आल्याला, तुरीला मर रोगासाठी आपले शेतकरी जी ट्रायकोडर्मा बुरशी देतात, तिच्याच एका भावंडाने दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू खाल्ले होते. त्या बुरशीवरच्या संशोधनातून सेल्युलेजचा उद्योग उभा राहिला आणि आज जीन्सला जुनाट रूप देण्यासाठी ते सर्रास वापरतात. बांबूसाठी झायलनेज घेताना मात्र त्यात सेल्युलेज मिसळलेलं नाही ना, हे आधी तपासावं लागतं. नाहीतर धागा मऊ होतो, पण कमजोर.

खरं कसब थांबण्यात

शेवग्याची शेंग आमटीत बेताने शिजली की गर सहज सुटतो आणि शेंग अखंड राहते. जास्त उकळली की आमटीभर नुसत्या शिरा तरंगतात. बांबूच्या पट्टीचं तसंच आहे. एन्झाइम कमी वेळ राहिलं तर तंतू जाड आणि खरखरीत, जास्त वेळ राहिलं तर जुडी सुटून हाती २-३ मिलिमीटरचा भुगा. म्हणून ठरलेल्या वेळी पाणी तापवतात. साधारण ८० अंशांच्या वर बहुतेक एन्झाइमांची घडी मोडते आणि काम थांबतं. मग धुणं, तेलाचा हात, विंचरणं.

एन्झाइमची सोय इथे आहे. कॉस्टिक सोडा डिंक आणि तंतू असा भेद फारसा करत नाही, एन्झाइम करतं. पण दोन बांबू सारखे नसतात. जात वेगळी, वय वेगळं, एकाच कांडाचा बुडखा आणि शेंडा वेगळा. कालच्या मालाला लागलेला वेळ आजच्या मालाला पुरेलच असं नाही. प्रयोगशाळेत सुरेख निघालेला तंतू कारखान्यात बिघडतो तो बहुतेक वेळा यामुळे.

म्हणजे रसायनं लागतच नाहीत?

लागतात. बहुतेक ठिकाणी एन्झाइमच्या आधी किंवा नंतर सौम्य अल्कलीचा एक हात द्यावाच लागतो, लिग्निनपायी. पांढरा रंग हवा असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड येतं. एन्झाइममुळे कॉस्टिकचं प्रमाण कमी होतं आणि तापमान खाली येतं. ही बचत खरी आहे. ‘शून्य रसायन’ या शब्दावर मात्र माझा विश्वास नाही.

सांडपाण्याचंही तेच. सुटलेला डिंक पाण्यातच जातो. त्यातल्या शर्करेवर जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. नदीत सोडलं तर मासे मरतील, मग एन्झाइम कितीही नैसर्गिक असो. पंचगंगेच्या काठच्यांना हे वेगळं सांगायला नको. कार्बन डायसल्फाइडपेक्षा हे पाणी शुद्ध करणं पुष्कळ सोपं, पण शुद्ध करावं लागतंच.

हे कापड अंगाला कसं लागतं?

लिननच्या जवळचं. हवेशीर, घाम टिपणारं, थोडं ताठ, चुरगळणारं. बाळाच्या गालासारखं मऊ असेल तर ते नैसर्गिक बांबू तंतूचं नाही, असं समजायला हरकत नाही. घरी तपासायचं असेल तर शिवणीतून सुटलेला धागा घ्या, अर्धा ओला करा आणि ओढा. विस्कोसची ताकद ओलं झाल्यावर जवळपास निम्मी होते, त्यामुळे तो ओल्या जागी पटकन तुटतो. सुती धागा उलट ओला असताना जास्त ताण सोसतो. मिश्र धाग्यात ही खूण पुसट होते. जाळून बघण्याचा मात्र उपयोग नाही. कापूस, विस्कोस आणि बांबू तिन्ही कागदासारखेच जळतात.

‘बांबूत जंतू वाढत नाहीत, म्हणून मोज्यांना वास येत नाही’ हा दावाही वारंवार ऐकू येतो. विस्कोस करताना बांबूतलं सेल्युलोज सोडून बाकी सगळं निघून गेलेलं असतं, त्यामुळे असला गुण धाग्यात उतरण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेतल्या कारवाईत हा दावाही निराधार ठरवला गेला.

मग विस्कोस घेऊच नये का?

घ्यायला काय हरकत आहे? उन्हाळ्यात ते पॉलिएस्टरपेक्षा केव्हाही बरं. माझी तक्रार नावाबद्दल आहे. ज्याला विरघळवून केलेलंच पण कमी घातक हवं, त्याने लेबलवर लायोसेल शोधावं. त्यात कार्बन डायसल्फाइड लागत नाही आणि वापरलेला द्रावक जवळजवळ सगळा परत मिळवून पुन्हा वापरतात. बांबूच्या लगद्याचं लायोसेलही करता येतं.

बांबू लावणाऱ्याने काय विचारावं?

‘कापडासाठी बांबू घेतो’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न: लगद्यासाठी की तंतूसाठी? लगद्याला कुठलाही बांबू चालतो, वाकडा, तुटका, मिसळलेला. भाव टनावर आणि कागद कारखान्याच्या आसपासचा. २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा हक्क मिळाला आणि गावाने आपल्या मालाला भाव मागायला सुरुवात केली. अशा गावांनी वस्त्रोद्योगाच्या नावाखाली पुन्हा लगद्याच्याच दरात माल देऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

तंतूसाठी घेणार असेल तर जात कुठली, वय किती, पेरांमधलं अंतर किती, हे तो विचारेलच. विचारत नसेल तर त्याने हे काम केलेलं नाही. कोकणातला माणगा आणि विदर्भातला मानवेल दोन्ही भरीव म्हणून दांड्याला, काठीला चांगले. तंतूला मात्र पेरं दूर असलेलं, सरळ कांडं हवं, कारण पेराचा भाग फेकावाच लागतो.

आज तरी केवळ कापडाच्या भरवशावर बांबू लावा असं मी कुणाला सांगणार नाही. आपल्या सूतगिरण्या कापसाच्या लांबी-जाडीवर बेतलेल्या आहेत; बांबूचा जाडा तंतू त्या चात्यांवर चालवायचा तर कापून, बारीक करून कापसात मिसळावा लागतो. जाड विणीचं कापड, पडदे, पिशव्या, बैठकीची आसनं, ही सुरुवातीला जमण्यासारखी कामं. आणि ते एकट्याने परवडत नाही, कारण बांबूच्या कांडात तंतूंचा भाग साधारण ४० टक्केच असतो. निम्मा भाग गाभ्याच्या मऊ पेशींचा आणि उरलेला पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचा. तंतू काढल्यावर मागे राहणारा हा चोथा जळणाच्या कांड्यांना किंवा दाबून केलेल्या फळ्यांना विकला गेला तरच हिशेब जुळतो. त्यामुळे तंतूचा कारखाना उभा करायचा, तर तो चोथा घेणाऱ्या दुसऱ्या कारखान्याच्या शेजारी.